खत देऊनही चारा पिवळा का पडतो? वाळवंटी जमिनीतील ठिबक आणि दर कापणीला परतणारी समस्या

वाळवंटी जमिनीत ठिबकवर घेतलेल्या संकरित नेपियर, बहुकापणी ज्वारी किंवा चाऱ्याच्या इतर गवतांत एक तक्रार दर कापणीनंतर जशीच्या तशी परत येते. कापणी झाली की लगेच ठिबकमधून नत्राचा भरघोस हप्ता दिला जातो, पहिले आठ-दहा दिवस ठोंबात साठलेल्या अन्नावर फुटवे जोमाने येतात, आणि पाने पसरू लागण्याच्या सुमारास खालची पाने टोकाकडून पिवळी पडून वाढ थबकते. मग पुढच्या कापणीला हप्ता वाढवला जातो. पिवळेपणा थोडा उशिरा येतो, पण येतोच, आणि खताचा खर्च मात्र दुप्पट होतो.

या तक्रारीच्या मुळाशी खताची कमतरता क्वचितच असते. खत दिल्यानंतर सोडलेले पाणी ते मुळांच्या खाली घेऊन जाते, आणि त्यामुळे दुरुस्ती पोत्यात न शोधता व्हॉल्व्हच्या वेळापत्रकात शोधावी लागते. मात्र त्याआधी दिसणारा पिवळेपणा खरोखर नत्राचाच आहे, याची खात्री करून घ्यावी. नत्र कमी पडले की जुनी, खालची पाने आधी पिवळी होतात आणि पिवळेपणा टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आत सरकतो. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहत असतील, तर ते लोहाचे लक्षण आहे. कोवळी पाने शिरांसकट एकसारखी फिकी असतील, तर गंधकाचा संशय घ्यावा. मक्याच्या कोवळ्या पानांवर, देठाकडच्या अर्ध्या भागात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे दिसले, तर जस्त कमी पडले आहे. या तिन्ही प्रकारांत युरिया कितीही दिला तरी उपयोग होत नाही.

शेतातील पिवळेपणाची मांडणीही बरेच काही सांगते. संपूर्ण शेत सारखेच पिवळे असेल, तर दोष वेळापत्रकात आहे. लॅटरलच्या (ओळीने पसरलेल्या ठिबकच्या बारीक नळीच्या) सुरुवातीला हिरवे आणि शेवटाकडे पिवळे असेल, तर खत शेवटपर्यंत पोहोचत नाही. लॅटरललगतच्या ओळी गडद हिरव्या आणि मधल्या ओळी फिक्या असतील, तर लॅटरलमधील अंतर त्या वाळूला जास्त पडते आहे. वाळूत पाणी आडवे पसरण्यापेक्षा खाली अधिक धावते, त्यामुळे भारी जमिनीला पुरणारे अंतर येथे पुरत नाही, आणि ठिबक जास्त वेळ चालवून ती उणीव भरून निघत नाही. जास्त वेळ चालवल्याने ओलावा फक्त खोल जातो.

आता हिशेब. वाळवंटी वाळू निचरा झाल्यानंतर आकारमानाने साधारण १० टक्के पाणी धरून ठेवते आणि त्यातले सुमारे ४ टक्के पिकाला उचलता येत नाही. म्हणजे एक मीटर खोलीत ६० मिमी आणि खत उचलणाऱ्या बहुतेक मुळांच्या वरच्या ३० सेंमी थरात फक्त १८ मिमी पाणी उपयोगाचे असते. ठिबकने जमिनीचा अर्धाच भाग ओला होत असेल, तर शेताच्या सरासरीने हा साठा ९ मिमी उरतो, आणि तो निम्म्यापेक्षा अधिक खाली जाऊ द्यायचा नाही असे ठरवले, तर दोन पाळ्यांच्या मध्ये वापरण्यास जेमतेम साडेचार मिमी पाणी हाती राहते. उन्हाळ्यात पूर्ण वाढलेल्या चाऱ्याची गरज दिवसाला ८ ते १० मिमी असते. त्यामुळे दिवसाआड दिलेली एक लांब पाळी या जमिनीत एकाच वेळी दोन नुकसाने करते: पाळीच्या दिवशी पाणी आणि खत निसटते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पीक माना टाकते.

समजा, ड्रिपर (लॅटरलवरील थेंब सोडणारी तोंडे) ताशी २ लिटरचे, ४० सेंमी अंतरावर, आणि लॅटरल ८० सेंमी अंतरावर आहेत. एका ड्रिपरच्या वाट्याला ०.३२ चौरस मीटर जागा येते, म्हणजे ताशी ६.२५ मिमी पाणी पडते. जमीन आधीच भरलेली असताना ओल्या पट्ट्यात मुरणारे प्रत्येक १ मिमी पाणी तेथील नायट्रेटला (नत्राच्या पाण्याबरोबर वाहणाऱ्या रूपाला) ढोबळमानाने १ सेंमी खाली ढकलते. अर्धी जमीन ओली होत असल्याने शेताच्या सरासरीचा १ मिमी हा त्या पट्ट्यासाठी २ मिमी असतो. खत टाकीतून संपल्यानंतर ‘नळ्या धुवून निघू देत’ म्हणून ठिबक आणखी दोन तास चालू ठेवले, तर १२.५ मिमी पाणी पडते आणि नुकतेच दिलेले खत एका बैठकीत २५ सेंमी खाली उतरते.

कापणीनंतरचा प्रकार याहून वाईट असतो, आणि दर कापणीला समस्या परतते ती इथूनच. पाने कापली गेल्यावर पिकाची पाण्याची गरज एकदम कोसळते. एफएओने (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने) १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीकगुणांकांत, म्हणजे पिकाची पाण्याची गरज काढण्याच्या गुणकांत, लसूणघासाच्या एका कापणीचक्रात हा गुणांक कापणीनंतर ०.४० आणि पूर्ण वाढीच्या वेळी १.२० धरला आहे. इतर कापणीच्या चाऱ्यांतही घसरण याच धर्तीची असते. ठिबकचे टायमर मात्र कापणीआधीच्याच वेळेवर राहते. पिकाला ४ मिमी हवे असताना १० मिमी दिले, तर रोजचे ६ मिमी जादा, ओल्या पट्ट्यात १२ मिमी, म्हणजे नायट्रेट रोज १२ सेंमी खाली. पाचव्या दिवशी, नवी पाने खत मागू लागण्याच्या सुमारास, कापणीच्या दिवशी दिलेला हप्ता ६० सेंमी खोल गेलेला असतो. युरिया दिला म्हणून यातून सुटका होत नाही. युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे तो अमोनियात बदलेपर्यंत पाण्याबरोबर वाहतो, आणि बदलल्यानंतरही सेंद्रिय कर्ब व चिकणमाती जवळजवळ नसलेल्या वाळूत त्याला धरून ठेवणारे फारसे काही नसते.

कागदावरच्या या हिशेबावर विसंबून न राहता जमीन उकरून पाहावी. ठिबक बंद झाल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने लॅटरलला आडवा, ८० सेंमी खोलीचा चर ड्रिपरच्या अगदी खालून कापला की वाळूच्या भिंतीवर ओलाव्याचा गडद आकार स्पष्ट दिसतो. वरच्या बाजूला तो हातभरही रुंद नसतो आणि खाली निमुळता होत न जाता चराच्या तळाशी तसाच शिरलेला दिसला, तर पाणी मुळांना सोडून गेले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच भिंतीवर पांढरी, कोवळी, केसाळ मुळे कोठे संपतात तेही पाहावे. ती ३०-३५ सेंमीवर संपत असतील आणि ओल ७० सेंमीच्या पलीकडे असेल, तर मधल्या अंतराएवढे पाणी आणि त्यातले खत वाया चालले आहे. नंतर २०, ४० आणि ६० सेंमीवरील मातीचे नमुने शुद्ध पाण्यात सारख्या प्रमाणात कालवून नायट्रेटच्या पट्टीने तपासावेत. ६० सेंमीचा रंग २० सेंमीपेक्षा गडद आला की निदान पक्के झाले.

पुढचा प्रश्न पाळीच्या नेमक्या कोणत्या भागात खत जाते, हा आहे. दाबावर चालणारी बायपास टाकी वापरली जात असेल, तर द्रावणाची तीव्रता सुरुवातीला सर्वाधिक असते आणि वेगाने घसरते. टाकीच्या आकारमानाच्या चौपट पाणी तिच्यातून गेले की विरघळलेल्या खतापैकी सुमारे २ टक्केच आत उरते. म्हणजे टाकी उघडताच बरेचसे खत पाळीच्या पहिल्या भागात निघून जाते, आणि उरलेली सगळी पाळी त्याला खाली ढकलण्याच्या कामी येते. भारी जमिनीत हे खपून जाते, वाळूत नाही. व्हेंच्युरी (पाण्याच्या दाबातील फरकाने खत ओढून घेणारे साधन) किंवा खताचा पंप असेल, तर वेळ ठरवणे आपल्या हाती राहते. मात्र फिल्टर तुंबून दाबातील फरक कमी झाला की व्हेंच्युरी ओढणे सोडते, आणि टाकीतील पातळी न पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

खत किती वेळात शेवटच्या ड्रिपरला पोहोचते, हे प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एकदा मोजून लिहून ठेवावे. शेवटच्या ड्रिपरखाली छोटे भांडे ठेवून दर दोन मिनिटांनी त्यातील पाण्याची विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांबरोबर वाढणारा आकडा) मोजली की खत येण्याचा क्षण आकडा उडी मारून दाखवतो, आणि खत बंद केल्यावर आकडा मूळ पाण्याइतका होईपर्यंत लागलेला वेळ हीच नळ्या धुण्याची गरज असते. येथे एक खबरदारी घ्यावी: युरियाने विद्युत वाहकता वाढत नाही. नुसता युरिया सोडून मीटर धरले, तर खत पोहोचलेच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. चाचणीसाठी पोटॅशियम नायट्रेट किंवा दुसरे क्षारयुक्त विद्राव्य खत वापरावे. लांब लॅटरलच्या शेवटच्या भागात पाण्याचा वेग फार कमी असल्याने हा वेळ पंधरा-वीस मिनिटांपर्यंत सहज जातो.

हा वेळ हाती आला की क्रम सोपा होतो. आधी दाब स्थिर होईपर्यंत नुसते पाणी, नंतर पाळीच्या शेवटच्या भागात खत, आणि त्यानंतर मोजलेल्या वेळेपुरतेच पाणी सोडून ठिबक बंद. धुण्यासाठी लागणारे पाणी हे पाळीच्या पाण्यातूनच वजा करावे, वरकड देऊ नये. दिवसाची १० मिमी गरज तीन पाळ्यांत विभागली, तर वर धरलेल्या रचनेत प्रत्येक पाळी अर्ध्या तासाची होते, आणि खत त्यातल्या एकाच पाळीत दिले तरी चालते. याहून लहान पाळ्या करण्याचा मोह टाळावा. दर वेळी नळ्या भरताना आणि बंद झाल्यावर रिकाम्या होताना उताराकडच्या ड्रिपरना जादा पाणी मिळते, आणि पाळी जितकी लहान तितका हा फरक डोळ्यात भरतो. पाळी संपल्यावर नळी रिकामी न होऊ देणारे ड्रिपर असतील, तर ही अडचण बरीच कमी होते.

अर्थात ड्रिपरच सारखे पाणी देत नसतील, तर वेळापत्रक सुधारून फायदा नाही. शेतभर विखुरलेल्या सोळा ठिकाणी ठरावीक वेळ पाणी भांड्यांत धरावे, सर्वांत कमी भरलेल्या चार भांड्यांची सरासरी काढावी आणि तिला सर्व सोळांच्या सरासरीने भागावे. उत्तर ०.९ च्या वर असेल तर संच उत्तम आहे. ते ०.८ च्या खाली असेल, तर आधी फिल्टर, दाब आणि तुंबलेले ड्रिपर यांच्याकडे वळावे, कारण असमान पाण्याबरोबर खतही तितकेच असमान पडत असते.

खताचे प्रमाण कापून नेलेल्या चाऱ्यावरून ठरवणे मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. प्रथिनांचे प्रमाण १२.५ टक्के असलेल्या एक टन कोरड्या चाऱ्यातून २० किलो नत्र शेताबाहेर जाते. हेक्टरी ३० टन हिरवे नेपियर निघाले आणि त्यात २० टक्के कोरडा भाग असला, तर ६ टन कोरड्या चाऱ्याबरोबर १२० किलो नत्र गेले. पालाश बहुधा नत्राइतकाच किंवा जास्त जातो, आणि तो परत न दिल्यास चार-सहा कापण्यांनंतर ठोंब विरळ होऊ लागतात. हे १२० किलो ४५ दिवसांच्या चक्रात कसे वाटायचे, हा खरा मुद्दा. पहिले चार-पाच दिवस, फुटवे बोटभर दिसेपर्यंत, नत्र देऊ नये. शेवटचे दहा-बारा दिवसही देऊ नये. मधल्या तीसेक दिवसांत सरासरी दिवसाला ४ किलो नत्र, म्हणजे हेक्टरी पावणेनऊ किलो युरिया, पडतो. सुरुवातीला त्याच्या निम्म्याने आरंभ करून पाने जमीन झाकू लागली की वाढवत न्यावे. रोज जमत नसेल तर दोन-तीन दिवसांचा एकत्र हप्ता चालतो, आठवड्याचा चालत नाही. काही भाग नायट्रेटच्या आणि काही अमोनियाच्या रूपात दिल्यास निसटण्याची जोखीम विभागली जाते.

मग क्षारांचे काय, असा रास्त प्रश्न यावर येतो. वाळवंटातील भूजल अनेकदा खारट असते, आणि २ डेसिसायमेन प्रति मीटर वाहकतेच्या पाण्यात लिटरला सव्वा ग्रॅमच्या वर क्षार असतात. असे १० मिमी पाणी एका हेक्टरवर रोज सुमारे १२८ किलो मीठ आणून टाकते. त्यामुळे पाणी काटेकोर देत राहिले आणि क्षार कधीच धुतले नाहीत, तर ओल्या पट्ट्याच्या कडांना पांढरी पुटे चढतात आणि पिवळेपणाऐवजी पानांच्या कडा करपू लागतात. निचऱ्याचे जादा पाणी लागतेच. फक्त ते खताबरोबर देऊ नये. त्यासाठी योग्य वेळ कापणीनंतर लगेचची. पिकाने जमिनीतील नत्र उपसून घेतलेले असते, नवा हप्ता अजून दिलेला नसतो, आणि धुऊन जाण्यासारखे त्या थरात मिठाखेरीज फारसे काही नसते. तेव्हा एक लांब पाळी देऊन क्षार खाली लोटावेत, टायमर लगेच कमी गरजेवर आणावे, आणि फुटवे दिसल्यावर खत सुरू करावे. अवेळी हलका पाऊस आला तर ठिबक बंद न करता चालू ठेवावे, कारण थोडक्या पावसाने कडांचे मीठ आत, मुळांकडे सरकते.

स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची अडचण नेमकी उलट आहे. ती वाहून जात नाहीत, जागच्या जागी अडकतात. सामू (पीएच) ८ च्या वर आणि चुनखडी भरपूर असलेल्या मातीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, म्हणून तो फॉस्फरिक आम्ल, युरिया फॉस्फेट किंवा १२:६१:० (नत्र:स्फुरद:पालाश) अशा आम्लधर्मी रूपात, थोडा थोडा, ड्रिपरच्या तोंडाशीच पडेल असा द्यावा. लोहासाठी ईडीटीए प्रकारचे चिलेट (लोहाला विरघळलेले ठेवणारे संयुग) अशा सामूला टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचेच वापरावे. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरद किंवा सल्फेटयुक्त खते एका टाकीत कधीही एकत्र करू नयेत. बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात नवे खत वापरण्यापूर्वी शेतातल्याच पाण्यात, प्रत्यक्ष पडणाऱ्या प्रमाणात, पारदर्शक बाटलीत कालवून एक दिवस ठेवावे. तळाशी पांढरा साका दिसला, तर तोच साका उद्या ड्रिपरमध्ये बसणार आहे. वाळवंटी हिवाळ्यात आणखी एक फसगत होते: पोटॅशियम नायट्रेट २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये ३०० ग्रॅमच्या वर विरघळते, शून्य अंशाजवळ मात्र १३३ ग्रॅमच. दुपारी केलेले दाट द्रावण पहाटेपर्यंत टाकीच्या तळाशी खडे होऊन बसते आणि खत ‘दिले’ असे वहीत नोंदले जाते.

लसूणघासाला यातला नत्राचा सगळा हिशेब लागू नाही. लसूणघास पिवळा दिसला की युरियाकडे हात जातो, पण आधी एक झुडूप मुळासकट, हलक्या हाताने, माती न झटकता उपटावे. बारीक मुळांवरील गाठी नखाने फोडाव्यात. आतून गुलाबी-लालसर असतील, तर त्या नत्र बांधत आहेत आणि पिवळेपणाचे कारण पालाश, गंधक, बोरॉन किंवा जादा पाणी यांत शोधावे. पानांच्या कडेने पांढरे ठिपके असतील तर बहुधा पालाश. गाठी पांढऱ्या, हिरवट किंवा मुळीच नसतील, तर जिवाणू नाहीत. नव्याने लागवडीखाली आलेल्या वाळूत लसूणघासाचा रायझोबियम (गाठींत नत्र बांधणारा जिवाणू) सहसा नसतो, म्हणून बियाण्याला तो चोळण्याची बीजप्रक्रिया चुकवणे तेथे महागात पडते. भरपूर नायट्रेट देत राहिल्यास असलेल्या गाठीही मंदावतात.

कापणीआधी दहा-बारा दिवस नत्र थांबवण्यामागे जनावरांचे कारण आहे, त्यामुळे यात सूट घेऊ नये. ठिबकमधून रोज नत्र मिळणाऱ्या ज्वारी, मका, बाजरी आणि नेपियरमध्ये वाढ काही कारणाने थबकली, म्हणजे पंप बंद पडला, पाण्याचा ताण बसला किंवा थंडीची लाट आली, तर मुळांनी उचललेले नायट्रेट प्रथिनांत न बदलता खोडात साचते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते आणि रक्त चॉकलेटी दिसू लागते. कोरड्या वजनावर ०.५ टक्क्यांपर्यंत नायट्रेट असलेला चारा सामान्यतः सुरक्षित मानतात, १.५ टक्क्यांच्या वर गेलेला खाऊ घालू नये. अशा खंडानंतर ठिबक पूर्ववत झाले, तरी पहिले काही दिवस खत न देता नुसते पाणी द्यावे, कापणी आठवडाभर पुढे ढकलावी आणि चाऱ्याची तपासणी करून घ्यावी. नायट्रेट खोडाच्या बुडाशी सर्वाधिक असल्याने कापणी हातभर उंचावरून घ्यावी. वाळवून ते कमी होत नाही. मुरघासात पुष्कळसे, अनेकदा निम्म्याच्या आसपास, कमी होते, त्यामुळे संशयास्पद चारा हिरवा किंवा वाळवून घालण्यापेक्षा त्याचा मुरघास करावा आणि खड्डा उघडल्यावर पुन्हा एकदा तपासून मगच जनावरांपुढे टाकावा.